दीड इंचाची फीत

खोकं आलं तेव्हा आत बिस्किटं असतील अशी आम्हा सगळ्यांना आशा होती. महायुद्ध चालू होतं, चव्वेचाळीसचा जून, आणि खरी बिस्किटं बघून कित्येक महिने झाले होते. शाळेच्या इमारतीतल्या आमच्या ठाण्याचे प्रमुख मिस्टर पॅशबी यांनी चाकूने दोरी कापली, वरचा कागद काढला, आणि आत निघाल्या फिती. सोनेरी, दीड इंच लांबीच्या, मेलेल्या अळ्यांसारख्या रांगेत मांडलेल्या.

पॅशबींनी घसा साफ करून परिपत्रक वाचलं. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या नागरी संरक्षण दलाच्या कर्मचाऱ्यांनी ही फीत गणवेशाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, उभी लावायची. आडवी नाही, तिरकी नाही. जितक्या वेळा जखमी झाला असाल तितक्या फिती.

"म्हणजे कॉवुडला घसरगुंडीवरून पडल्याची मिळेल का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मी बाँबच्या दणक्याने पडलो होतो!" म्हातारा अल्बर्ट कॉवुड ओरडला. तो आमच्या ढिगारे उपसणाऱ्या पथकातला. खड्ड्यात सगळ्यात आधी शिरायचा आणि सगळ्यात जास्त कुरकुरायचा.

हसणं चालू असतानाच स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉनी ब्लेंकिनने डोकं बाहेर काढलं. हातात डाव होता. "आणि मेलेल्यांचं काय, मिस्टर पॅशबी?"

पॅशबी म्हणाले, "फीत गणवेशावर लावायची आहे, मिसेस ब्लेंकिन."

"गणवेश आहे ना. टॉमचा. माझ्या कपाटात आहे, इस्त्री करून ठेवलाय."

पॅशबींनी तो कागद उलटा करून पाहिला. मागे काहीतरी लिहिलेलं सापडेल असं त्यांना वाटलं असावं. मागे काही नव्हतं. कॉनीने डोकं आत घेतलं.

आमच्या ठाण्यात अकरा जणांच्या वाट्याला फिती आल्या, त्यातली एक माझ्या. माझ्या डाव्या हाताला अंगठा आहे, त्याच्या शेजारचं एक बोट आहे, आणि पुढे शिवणीचा व्रण आहे. त्या व्रणाच्या चार बोटं वर सोनेरी फीत लावायची, म्हणजे न जाणो कुणाला व्रण दिसला नाही तर! मला हसूच आलं. पण एका हाताने फीत शिवता येत नाही. ठाण्यात शिवणकाम येणारी एकच बाई होती. कॉनी लग्नाआधी हेसल रोडवर एका शिंप्याकडे कामाला होती आणि तिचा टाका शोधूनही सापडायचा नाही. पुरुष मंडळी आपापले कोट तिच्याकडे टाकून गेली. मी मात्र मंगळवारपासून शनिवारपर्यंत चालढकल केली. रविवारी टाउन हॉलसमोर संचलन होतं.

चालढकल का केली, ते सांगते. मी आडपडदा ठेवणारी बाई नाही. आयुष्यात एकदाच ठेवला, तो हाच.

एक्केचाळीसच्या मेमध्ये आमच्या हल या बंदराच्या शहरावर लागोपाठ दोन रात्री शत्रूची बाँब टाकणारी विमानं आली. वर्तमानपत्रांत आमचं नावसुद्धा छापत नसत. 'उत्तर-पूर्वेकडचं एक गाव' असं यायचं, आणि लंडनचं मात्र नाव-गाव-फोटोसकट. त्यातल्या पहिल्या रात्रीनंतरची सकाळ. उजाडून बराच वेळ झाला होता, पण धुरामुळे ऊन असं नव्हतंच. मी रुग्णवाहिकेवर मदतनीस होते. आमच्याच ठाण्याचा टॉम ब्लेंकिन, कॉनीचा नवरा, स्ट्रेचर पथकात होता. एका म्हातारीला काढायला तो पडक्या घरात शिरला, आणि उरलेला मजला त्याच्यावर आला. कॉवुड आणि एक तरुण डॉक्टर सरपटत त्याच्यापर्यंत पोचले. डॉक्टरने तिथेच, पालथं पडून, त्याला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं.

आमची एक पद्धत होती. मॉर्फिया दिला की कोटाच्या काजात चिठ्ठी बांधायची, आणि जखमीच्या कपाळावर कॉपिंग पेन्सिलने मोठा 'एम' काढून खाली वेळ लिहायची. ती पेन्सिल ओली झाली की जांभळी उमटते. पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला कळावं की याला दिलंय, पुन्हा देऊ नका. बरगड्या मोडलेल्या माणसाला तासा-दीड तासात दुसरं इंजेक्शन गेलं तर श्वासच थांबतो. हे आमच्या ठाण्यात भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं, नेमकं मी हात धुते त्या नळाच्या वर. त्या दिवशी चिठ्ठ्या पहाटेच संपल्या होत्या. टॉमच्या कपाळावर तेवढा 'एम' होता.

त्याला बाहेर काढून रुग्णवाहिकेजवळ ठेवला. तोंडावर चुन्याचा आणि काजळीचा थर होता आणि नाकातून ओघळलेल्या रक्ताने त्याचा चिखल झाला होता. मी वाकले तशी त्याने माझी बाही धरली.

"आयडा, केंद्रावर कॉनी आहे ना गं?"

होती. प्रथमोपचार केंद्रावर त्या आठवड्यात चहाची पाळी तिची होती आणि त्याला तिथेच न्यायचं होतं.

"तिला असा दिसायला नको मी. घाबरेल. तोंड पूस माझं."

मी रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि त्याचं तोंड पुसलं. माझ्याकडे रुमाल नेहमी असतो. ठाण्यात त्यावरून माझी टिंगल चालायची. बाँब दारात आला तरी आयडा स्टॅदर्स त्याला पाय पुसून आत ये म्हणेल, असं पोरं म्हणायची. मी गाल पुसले, डोळे पुसले, कपाळ पुसलं. रुमालावर जांभळा डाग आला. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कळलं. पुसून होताच परत लिहीन, असं मनात होतं. पेन्सिल माझ्याजवळ नव्हती, ड्रायव्हरकडे होती. आम्ही टॉमला आत चढवलं, आणि मी ड्रायव्हरला हाक मारायला वळले तेवढ्यात घरातून आरोळी आली, "आणखी एक आहे, जिवंत आहे, स्ट्रेचर!" मी धावले. एक मिनिटाचं काम, असं वाटलं. स्ट्रेचरचा दांडा हातात घेतला आणि बाजूची भिंत खाली आली.

मी शुद्धीवर आले दोन दिवसांनी. भिंत पडली तेव्हाच रुग्णवाहिका टॉमला घेऊन निघून गेली होती.

आठव्या दिवशी कॉनी मला भेटायला इस्पितळात आली. काळा कोट, हातात ब्रेडचा डबा. तीच माझं सांत्वन करत होती! म्हणाली, "तो सुखाने गेला गं, आयडा. रस्ते फुटलेले, गाडीला पाऊण तास लागला, विव्हळत होता बिचारा. पण केंद्रावरच्या सिस्टर एस्क्रीटने लगेच इंजेक्शन दिलं. माझ्या हातात हात होता. झोपला आणि गेला. तोंड किती स्वच्छ होतं त्याचं, रविवारी चर्चला निघाल्यासारखं."

खड्ड्यातल्या त्या तरुण डॉक्टरला विचारायची सोय राहिली नव्हती, तो दुसऱ्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात गेला. जे घडलं ते सगळं एकट्या मला माहीत होतं, आणि मी तोंड शिवून घेतलं. आधी वाटलं, आताच कसं सांगू. मग वाटलं, तिचं तेवढंच समाधान आहे, ते कशाला काढून घ्या. आणि नंतर नंतर सांगितलं नाही ते याचसाठी, की इतके दिवस सांगितलं नव्हतं. हे शेवटचं कारण सगळ्यात खरं.

तर शनिवारी दुपारी मी कोट घेऊन ठाण्याच्या स्वयंपाकघरात गेले. कॉनी खिडकीपाशी बसली होती, शेजारी सुयांचा डबा.

"ये बाई, ये. महाराणींना सवड झाली का?" ती म्हणाली. "दहा कोट झाले माझे. कॉवुड म्हणत होता, त्याची फीत पँटच्या मागे लाव, वीट तिथे लागलीय."

"लावायची होतीस."

"लावली असती. पण मग तो दर माणसाला वळून दाखवत बसला असता."

मी तिच्यासमोर बसले. तिने बाही मांडीवर पसरली, पट्टीने मोजलं, खडूची खूण केली. फितीच्या वरच्या टोकापासून तिने सुरुवात केली. तिचं शिवणं बघत राहावं असं होतं. मी चहा ओतला, एका हाताने, थोडा सांडला, आणि सांडलेला लगेच पुसला. ती माझ्याकडे बघून हसली.

मग सुई न थांबवता म्हणाली, "कॉवुड कोट न्यायला आला तेव्हा बसला होता जरा वेळ. टॉमचं काढलं त्याने. मला बरं वाटावं म्हणून. म्हणाला, 'खड्ड्यात त्याला फार दुखलं नाही, पोरी. डॉक्टरने माझ्यासमोर इंजेक्शन टोचलं आणि कपाळावर लिहिलं, मीच बॅटरी धरली होती.'"

मी कप बशीत ठेवला.

"तीन वर्षं मी या ठाण्याची फरशी घासतेय, आयडा. नळावरचा तो तक्ता मला पाठ आहे. एक इंजेक्शन खड्ड्यात, एक केंद्रावर. एस्क्रीटने तेव्हा मला धीर दिला, कॉवुडने आता, आणि दोन्ही मिळून हे निघालं."

"कॉवुड म्हातारा झालाय. तो काल जेवला काय ते विचार, सांगता येणार नाही त्याला."

"जेवणाचं नाही सांगता येणार. हे सांगता येतं. मी त्याला तीनदा विचारलं." तिने दोरा ओढला. "मला तेव्हा कपाळावरच्या खुणेचं भान नव्हतं, पण त्या एस्क्रीटने तर कपाळ बघितलंच नाही. घाई असेल. पोरगी चोवीस वर्षांची, हात थरथरत असतील. मी समजून घेतलं असतं. पण तीन वर्षं ती मला रस्त्यात भेटून 'कशा आहात मिसेस ब्लेंकिन' विचारते. आता केंद्राची मुख्य झालीय. उद्या संचलनात पुढे उभी असेल. मी उद्या सगळ्यांसमोर विचारणार आहे तिला. दलाच्या कंट्रोलर साहेबांसमोर. नवरा मारलास माझा, असं तोंडावर म्हणणार आहे."

"कॉनी, असं करू नकोस."

"का नको? तिच्या अंगावरचा तो गणवेश उतरवल्याशिवाय मी राहायची नाही."

मला म्युरिएल एस्क्रीट ठाऊक होती. साधी, कामाला वाघ, दर जखमीचं कपाळ आधी बघणारी. त्या दिवशीही तिने बघितलंच असणार. स्वच्छ, कोरं कपाळ. उद्या चौकात तिची लाज निघणार, नोकरी जाणार, आणि मी तिच्यामागे दोन रांगा सोडून सोनेरी फीत लावून उभी राहणार. मी कितीही भित्री असले तरी एवढं मला गिळवेना.

"तिने कपाळ बघितलं," मी म्हणाले.

"तुला काय ठाऊक? तू होतीस का तिथे?"

"तिथे नव्हते. पण कपाळावर काही नव्हतं, कॉनी. मी पुसलं होतं. गाडीत चढवायच्या आधी. डॉक्टरने लिहिलेलं मी माझ्या रुमालाने पुसलं, आणि परत लिहायच्या आत भिंत पडली."

सुई कापडात अर्धी शिरलेली होती. ती तशीच राहिली. बाहेर अंगणात कुणीतरी बादल्या ठेवत होतं. कॉनी माझ्याकडे बघत नव्हती, फितीकडे बघत होती.

मग तिने विचारलं, "का पुसलंस?"

तीन वर्षं मी हे बोलणं मनातल्या मनात शेकडो वेळा केलं होतं. त्यात ती रडायची, ओरडायची, एकदा तर मला मारायचीसुद्धा. पण हा प्रश्न ती विचारेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. त्यानेच सांगितलं गं. तू घाबरशील म्हणून. तुझ्यासाठी.

ते सांगितलं असतं तर मी निम्मी सुटले असते. आणि उरलेलं निम्मं तिने घरी नेलं असतं. रोज सकाळी उठून आरशात बघून म्हणाली असती, माझ्यासाठी पुसलं, मी घाबरट म्हणून तो गेला. मी तिला ओळखते. तिने ते आयुष्यभर उगाळलं असतं.

"घाण दिसत होतं," मी म्हणाले. "मला घाण बघवत नाही. तुला माहीत आहे."

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे."

तिची नजर टेबलावर गेली, मघाशी मी चहा पुसला होता तिथे. मग तिने मान वर केली. "शुद्धीवर होता का तो? काही बोलला का? माझ्याबद्दल काही?"

हे मात्र फार झालं. पहिलं खोटं मी एका दमात बोलले होते. याला मला टेबलाची कड धरावी लागली.

"नाही," मी म्हणाले. "शुद्धीवर नव्हता."

टॉम ब्लेंकिनचे शेवटचे धड शब्द त्याच्या बायकोबद्दल होते. ते तिचे होते, माझे नव्हते. आणि मी ते तिला दिले नाहीत.

कॉनीने सुई काढून घेतली नाही. दोरा तोडला नाही. कोट उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवला, सुईसकट. "बाकीची तूच शिव," म्हणाली. मग तिची नजर माझ्या डाव्या हातावर पडली. क्षणभर वाटलं, कोट परत घेईल. पण ती उठली, नळापाशी गेली, त्या तक्त्याखाली उभी राहिली आणि आधीच धुतलेली कपबशी धुवायला लागली.

मी सुई दाताने काढली आणि दोरा कात्रीने कापला.

रविवारी टाउन हॉलसमोर वारा होता. माझी फीत वरून निम्म्यापर्यंत शिवलेली, न दिसणाऱ्या टाक्यांनी, आणि खालचं टोक फडफडत होतं. पॅशबी रांग तपासत माझ्यापाशी थांबले. "मिस स्टॅदर्स! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही इतक्या टापटिपीच्या!"

"दोरा संपला, साहेब."

"टाचणी तरी लावायची."

सिस्टर एस्क्रीट पुढच्या रांगेत होती. कॉनी समोरच्या गर्दीत पहिल्याच ओळीत उभी होती, टॉमचा इस्त्री केलेला कोट हातावर घेऊन. पण ती सिस्टरकडे बघतच नव्हती. संचलन सुरू झालं, आम्ही तिच्यासमोरून गेलो, आणि ती माझ्या बाहीकडे बघत होती. पूर्ण वेळ.

लढाई संपली, ठाणं बंद झालं, शाळेत पुन्हा शाळा भरायला लागली. आम्ही दोघी अजून एकाच गल्लीत राहतो. मासळीच्या रांगेत मी मागे आले की कॉनी पाठ फिरवते. लोकांना सांगते, त्या स्टॅदर्सच्या वाऱ्याला उभं राहू नका, तिला माणसापेक्षा टापटीप मोठी. मला ऐकू येईल अशा आवाजात सांगते. सिस्टर एस्क्रीटच्या लग्नाचा पोशाख मात्र तिनेच शिवून दिला.

वर्षातून एखाद वेळी, बहुतेक मेमध्ये, मला राहवत नाही. वाटतं, झालं तेवढं पुरे. त्याचे शब्द तिचे आहेत, तिला देऊन टाकावेत. मी कोट घालून तिच्या दारापर्यंत जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून उंबऱ्याची पायरी घासत होती, पाठ ताठ. मला बघून तिने ब्रश बादलीत आपटला.

"आता काय पुसायला आलीस?"

अंगात केवढा जोर होता तिच्या. रागाने गाल लाल झाले होते. साठीला आली तरी तिच्या चेहऱ्यावर स्वतःला खाणारं असं काही नव्हतं, सगळं माझ्याकडे रोखलेलं.

"काही नाही," मी म्हणाले. "चुकून आले."

आणि घरी आले. कोट अजून आहे, दाराच्या मागे. फितीची शिवण अर्ध्यावर थांबलेली आहे आणि पुढची शिवायला मी कुणाला देणार नाही.